सर्पभय आणि सर्पपरिचय : जुन्या पोथ्यांपासून कात्रजच्या सर्पोद्यानापर्यंत

जुन्या वैद्यकाचीं बाडें चाळणाऱ्यांस सर्पविषावरील मंत्र, उतारे व झाडपाल्याच्या मात्रा यांचा परिचय असतोच. संग्राहक बहुधा अशा पानांवर "किरकोळ, विष उतरविण्याचा मंत्र" एवढीच चिठी चिकटवून तीं रुमालाच्या तळाशीं ठेवितात. ज्यांना पुराणमताचा अभिमान आहे ते त्या पानांस गूढ विद्या म्हणून नमस्कार करितात, आणि ज्यांना नव्या विद्येचा अभिमान आहे ते त्यांस अडाणीपणा म्हणून बाजूस सारितात. दोघेहि तीं वाचीत नाहींत. प्रस्तुत लेखांत अशा कागदांकडे तिसऱ्या दृष्टीनें पाहण्याचा विचार आहे. मनुष्याचें सर्पभय हा एक इतिहासाचा विषय आहे. त्या भयावर निरनिराळ्या काळीं निरनिराळे उपाय झाले, आणि त्या उपायांची साक्ष लेखी स्वरूपांत उरली आहे. हे उपाय स्थूलमानानें तीन : सर्पाची आराधना, सर्पाचा संहार, व सर्पाची ओळख. पहिले दोन सर्वांस ठाऊक आहेत. तिसऱ्याचा मागोवा घेणें हें येथील मुख्य काम होय.

भय किती खोल आहे हें आपल्या भाषेवरूनच कळतें. रात्रीं सापाचें नांव घेऊं नये म्हणून त्यास "जनावर" किंवा "लांबडें" म्हणण्याची चाल खेड्यापाड्यांतून आहे. मनांत वैर धरणाऱ्या मनुष्यानें "डूख धरला" असें आपण म्हणतों. म्हणजे साप अपराध लक्षांत ठेवून सूड घेतो ही समजूत भाषेंत रुजून बसली आहे. परंतु याच भाषेनें "साप साप म्हणून भुई धोपटणें" ही म्हणहि घडविली, व दोरीला साप समजणाऱ्याचा दृष्टांत वेदान्त्यांनीं घरोघर पोंचविला. सापाच्या भयांत खरा साप किती व कल्पनेचा साप किती, हा प्रश्न आपल्या पूर्वजांस सुचला नव्हता असें मुळींच नाहीं.

(१) प्राचीन ग्रंथांची साक्ष

राजनीतीच्या ग्रंथांत सर्पाचा विचार व्यवस्थेनें केलेला प्रथम कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आढळतो. म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून त्याचें चौथें अधिकरण सर्वांस सुलभ झालें आहे. त्यांतील तिसऱ्या अध्यायांत अग्नि, पूर, रोग, दुष्काळ, उंदीर, श्वापदें, सर्प व राक्षस अशीं आठ दैवी महाभयें सांगून राजानें त्यांपासून देशाचें रक्षण करावें असें म्हटलें आहे. सर्पभयावर तेथें जे उपाय दिले आहेत ते विविध आहेत. जांगुलीविद् म्हणजे विषविद्या जाणणाऱ्यांनीं मंत्र व औषधी योजाव्या. लोकांनीं जमून सर्प मारावे. अथर्ववेद जाणणाऱ्यांनीं अभिचार करावा. आणि पर्वकाळीं नागपूजा करवावी. आराधना व संहार हे दोन्ही मार्ग एकाच शासनांत शेजारीं शेजारीं बसलेले आहेत. त्यांत विरोध आहे असें ग्रंथकारास वाटलें नाहीं.

वैद्यांची दृष्टि याहून सूक्ष्म आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानांत सर्पांचे पांच वर्ग केले आहेत : दर्वीकर, मंडली, राजिमंत, निर्विष व वैकरंज. फणेचे ते दर्वीकर, अंगावर मंडलें असलेले ते मंडली, रेषा असलेले ते राजिमंत. आणि निर्विष असा एक स्वतंत्र वर्गच मांडला आहे, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. सर्व साप विषारी असतात या आजहि प्रचलित असलेल्या समजुतीस तेथेंच बाध येतो. सर्प कां चावतो याचीं कारणेंहि दिलीं आहेत. पायाखालीं तुडविला जाणें हें त्यांतील पहिलें. याच प्रकरणांत सर्पांगाभिहत नांवाचा एक प्रकार सांगितला आहे. भित्र्या मनुष्यास सर्पाचा नुसता स्पर्श झाला, तरी भयानें वायु प्रकुपित होऊन सूज येते, परंतु तेथें विष नसतें.

चरकाच्या चिकित्सास्थानांतील विषाध्यायांत हा विचार आणखी पुढें गेला आहे. अंधारांत कांहींतरी बोंचलें, आणि तें विषारी असावें अशी शंका मनानें घेतली, एवढ्यानेंच ज्वर, वांति, मूर्च्छा, दाह व ग्लानि हीं लक्षणें उद्भवतात. यास ग्रंथकार शंकाविष असें नांव देतो. त्याच्या उपचारांत साखर, द्राक्षें, मध यांबरोबर मंत्रानें प्रोक्षण केलेलें पाणी आणि रोग्याचें सांत्वन व हर्षण हीं सांगितलीं आहेत. चरकानें खऱ्या विषाच्या चोवीस उपक्रमांतहि मंत्रास स्थान दिलेलें आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं. तथापि भय हीच एक व्याधि आहे, ती विषाहून निराळी ओळखली पाहिजे, आणि तिचें औषध धीर देणें हें आहे, ही नोंद आपल्या वैद्यकांत आहे. मंत्रानें माणूस वांचला असें पिढ्यान्‌पिढ्या कां वाटत आलें, याचें उत्तर येथेंच सांपडतें. चावणारा साप पुष्कळदां निर्विष असतो. विषारी असला तरी प्रत्येक दंशांत तो विष सोडतोच असें नाहीं. उरलें तें शंकाविष, आणि तें मंत्रानें उतरतें. नागानें पुरतें विष भिनविलें असतां मात्र मंत्र उपयोगी पडत नाहीं.

महाभारतांतील आस्तीकपर्वहि येथें आठवतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९३३ सालीं पुरी केलेली सुकथनकरांची आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति वाचकांच्या संग्रहीं असेलच. बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून जनमेजय सर्व सर्पजातीचा होम आरंभितो, व आस्तीक तो थांबवितो. एका सर्पाच्या अपराधासाठीं सर्व जातीस मारावें काय, हा प्रश्न त्या कथेंत उघड उभा आहे.

(२) एका नांवाची पोथी

भयाचा मनुष्याशीं किती निकट संबंध आहे हें दाखविणारा एक हस्तलेख संग्राहकांस अवश्य माहीत असावा. १८९० सालीं बावर नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास मध्य आशियांतील कुचा येथें भूर्जपत्रांची एक पोथी मिळाली. डॉक्टर हर्नले यांनीं ती १८९३ ते १९१२ या काळांत संपादून प्रसिद्ध केली. मूळ पोथी ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयांत आहे. तिची लिपि गुप्तकालीन असून काळ इ. स. च्या ५ व्या-६ व्या शतकाच्या सुमाराचा आहे. तिच्या सात भागांपैकीं पहिले तीन वैद्यकाचे आहेत म्हणून तिची ख्याति झाली. परंतु सहावा व सातवा हे भाग महामायूरी या बौद्ध सर्परक्षाविद्येचे आहेत. स्वाति नांवाच्या भिक्षूस लांकडें फोडतांना साप चावला व बुद्धानें आनंदास ही विद्या सांगितली, अशी तिची उपपत्ति आहे. या भागांत जेथें रक्षणीय मनुष्याचें नांव घालावयाचें तेथें यशोमित्र असें नांव आहे. त्या एका नांवामुळें पाठाचें स्वरूपच बदलतें. तो केवळ धर्मग्रंथाचा उतारा राहत नाहीं. दीड हजार वर्षांपूर्वीं एका मनुष्यास सापाचें भय वाटत होतें, त्याची ती सही होय. आपल्याकडील बाडांतील मंत्रांत "अमुक" या शब्दाच्या जागीं कोणाचें नांव घातलें असेल, तर तें याच कारणानें टिपून ठेवण्यायोग्य आहे.

(३) रसेलची नोंद व सरकारी संहार

युरोपीय विद्येच्या पद्धतीनें हिंदी सर्पांचा अभ्यास करण्याचा मान पॅट्रिक रसेल या वैद्याकडे जातो. पूर्वीं अलेप्पो येथें राहिलेला हा गृहस्थ १७८१ सालीं विशाखापट्टणास आला, व पुढें कंपनीनें त्यास कर्नाटक प्रांताकडे निसर्गशास्त्रज्ञ म्हणून नेमलें. त्याचा चोलमंडल किनाऱ्यावरील सर्पांचा सचित्र ग्रंथ कंपनीच्या खर्चानें १७९६ सालीं लंडनांत निघाला. विषारी सर्प त्याच्या विषदंतांवरून ओळखतां येतो, आणि बहुसंख्य सर्प निर्विष आहेत, हें त्यानें प्रत्यक्ष तपासून दाखविलें; विषावर रामबाण म्हणून गाजलेल्या तंजावरच्या गोळ्यांचीहि त्यानें परीक्षा घेतली. इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाची गोष्ट अशी कीं, त्यानें प्रत्येक सर्पाचें देशी नांव लोकांच्या तोंडून ऐकून लिहून ठेविलें. मण्यार जातीचें आजचें शास्त्रीय नांव बंगारुस हें त्यानें टिपलेल्या तेलुगु शब्दावरूनच पडलें आहे. घोणशीस १७९७ सालीं रसेलचें नांव देण्यांत आलें, तें जगभर चालू आहे. पण रसेलला ती घोणस ओळखून देणाऱ्या तेलुगु लोकांचीं नांवें कोणीं लिहिलीं नाहींत.

पुढील शतकांत सरकारनें संहाराचा मार्ग धरला. कलकत्त्याचे डॉक्टर जोसेफ फेरर यांनीं बंगाल व इतर कांहीं प्रांतांतून आंकडे मागविले, तेव्हां १८६९ या एका सालांत ११,४१६ माणसें सर्पदंशानें मेलीं असें दिसून आलें. त्यांचा विषारी सर्पांवरील मोठा ग्रंथ १८७२ सालीं निघाला. त्यांतील सुंदर चित्रें कलकत्त्याच्या सरकारी चित्रशाळेंतील हिंदी विद्यार्थ्यांनीं काढलीं आहेत. फेरर यांनीं पुष्कळ प्रयोग करून त्या वेळीं ठाऊक असलेलें कोणतेंहि औषध खऱ्या विषावर चालत नाहीं असा निर्णय दिला. विषारी सर्पांचीं चित्रें व वर्णनें लोकांपुढें ठेवावीं ही सूचना त्यांचीच. परंतु तीबरोबर केलेली बक्षिसांची सूचनाच सरकारास सोपी वाटली. साप मारून आणावा व पैसे न्यावे, हा क्रम अनेक जिल्ह्यांत चालू झाला.

याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या कोंकणांतील आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत फुरशांचा सुळसुळाट फार. तेथील अधिकारी व्हिडाल यांनीं १८९० सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकांत लिहिलेल्या टिपणावरून पुढील ग्रंथकारांनीं असा आंकडा दिला आहे कीं, बक्षीस चालू असतां सहा वर्षें सरासरीनें दर वर्षास २,२५,७२१ फुरशीं मारलीं गेलीं. म्हणजे सहा वर्षांत साडेतेरा लाखांवर. जनमेजयाच्या सत्राची आठवण व्हावी असा हा हिशेब आहे. तरी फुरसें रत्नागिरीस तेव्हां उरलें व आजहि आहे. गवतांत, दगडांखालीं, काजूच्या बागेंत तें भेटतेंच. शेतकऱ्यांस त्याची भीति वाटावयाची तितकीच वाटत राहिली. कारण बक्षिसानें सापांची संख्या मोजली गेली, परंतु कोणत्या सापापासून किती भ्यावें, पाय कोठें जपून टाकावा, व चावल्यास काय करावें, यांपैकीं एकहि गोष्ट लोकांस कळली नाहीं.

(४) ओळखीचा मार्ग

तिसऱ्या मार्गाचा आरंभ मुंबईंत झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट पदार्थसंग्रहालयांत आठ गृहस्थ जमले व त्यांनीं निसर्गेतिहास संस्था स्थापिली. त्या आठांत दोन हिंदी होते. दोघेहि डॉक्टर, व दोघेहि महाराष्ट्राच्या इतिहासांत परिचित : प्रार्थनासमाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग, आणि रखमाबाईंचे पालनकर्ते सखाराम अर्जुन. या संस्थेच्या नियतकालिकांत कर्नल फ्रँक वॉल यांनीं सामान्य हिंदी सर्पांवर सुबोध लेखमाला लिहिली, व १९०७ सालीं विषारी भूसर्प कसे ओळखावे यावर एक पुस्तक काढलें. रंगावर विसंबूं नये, खवले पाहावे, ही त्यांची शिकवण. मण्यारीच्या पाठीवरील मधल्या ओळीचे खवले मोठे व षट्‌कोनी असतात. नागाच्या वरच्या ओंठाचा तिसरा खवला डोळ्यास व नाकाच्या खवल्यास भिडलेला असतो. ही परीक्षा बिनचूक आहे. तिच्यांत उणीव एवढीच कीं, ती हातांत घेतलेल्या, म्हणजे बहुधा मेलेल्या सापावर करावयाची असते. निरपराध कवड्या मण्यार समजून ठेचल्यावर त्याचे खवले मोजून पश्चात्ताप करण्यापलीकडे सामान्य मनुष्यास तिचा उपयोग नव्हता.

भय खऱ्या अर्थानें कमी व्हावयास आणखी दोन गोष्टी लागत होत्या. पहिली, खरें औषध. तें फ्रान्सांत १८९४ सालीं सिद्ध झालें. घोड्यास थोडें थोडें विष टोंचून त्याच्या रक्तांतून विषप्रतिबंधक लस काढण्याची ती रीत. परळची प्लेगसंशोधनशाळा, जिला १९२५ सालीं हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें, तिनें पुढें नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि सर्पांच्या विषावर चालणारी लस तयार केली. मांत्रिकाजवळ जें नव्हतें तें दवाखान्यांत आलें. दुसरी गोष्ट, जिवंत साप निर्भयपणें पाहण्याची संधि. हाफकिनमध्यें काम केलेले डॉ. पु. ज. देवरस यांचें हिंदी सर्पांवरील पुस्तक १९६५ सालीं नॅशनल बुक ट्रस्टनें काढलें, व सर्पविद्या सामान्य वाचकाच्या हातीं आली. मद्रासेस रोम्युलस व्हिटेकर यांचें सर्पोद्यान १९७२ सालीं गिंडी येथें आलें. पुण्यांत नीलिमकुमार खैरे यांनीं १९८० सालीं एका कांचेच्या खोलींत ७२ सर्पांच्या सहवासांत ७२ तास काढले. डिवचल्यावांचून साप अंगावर येत नाहीं हें त्यांस लोकांच्या डोळ्यांपुढें सिद्ध करावयाचें होतें. १९८६ सालीं कात्रज येथें महानगरपालिकेच्या आश्रयानें सर्पोद्यान उभें राहिलें. पाऊणशें वर्षें पुस्तकांतून सांगितलेली गोष्ट तेथें शाळेंतल्या मुलांनीं कांचेपलीकडे पाहिली : धामण गाईचें दूध पीत नाहीं, मांडुळास दोन तोंडें नसतात, आणि नागास डूख धरण्याइतकी स्मृति नसते.

याच काळांत मराठींत "सर्पमित्र" हा शब्द रूढ झाला. कौटिल्याचा जांगुलीविद्, मध्ययुगाचा गारुडी, खेड्यांतला मांत्रिक, या परंपरेंत हा नवा शब्द बसतो. पण त्याचा अर्थ उलटा आहे. पूर्वींचा जाणता सापावर सत्ता असल्याचें सांगे. आतांचा त्याच्याशीं मैत्री सांगतो. मैत्रीच्या नांवाखालीं नाग गळ्यांत घालून मिरविणारेहि निघाले आहेत, व त्यांपैकीं कांहींनीं प्राण गमावले आहेत. भय घालविणें म्हणजे सावधगिरी घालविणें नव्हे, हें शिक्षणाचें दुसरें अंग अद्याप पुरतें रुजलें नाहीं.

(५) संग्राहकांचें कर्तव्य

हा विषय केवळ गतकाळाचा असता तर येथेंच थांबलों असतों. परंतु २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासांत असें अनुमान निघालें आहे कीं, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लक्ष माणसें, म्हणजे वर्षास सरासरी ५८,००० माणसें, सर्पदंशानें मेलीं. त्यांतील बहुतेक मृत्यु खेड्यांत व राहत्या घरीं झाले, आणि निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली, व भारत सरकारनें २०२४ सालीं त्यावर राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली. घरींच मृत्यु येण्याचें एक कारण दवाखाना दूर असणें हें आहे. परंतु दुसरें कारण मांत्रिकाकडे दवडलेला वेळ हें आहे. आपल्या रुमालांतील त्या पानांचा आजच्या जिवाशीं असा संबंध पोंचतो.

म्हणून संग्राहकांस व संपादकांस चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, सर्पविषावरील कागद "किरकोळ" या सदरांत टाकूं नये. त्यांची स्वतंत्र सूचि करावी, व लेखक, मालक, गांव आणि शक नोंदवावा. दुसरी, त्यांत येणारें सापाचें प्रत्येक स्थानिक नांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें, व त्या गांवच्या जाणत्यांस विचारून तें आज कोणत्या सापास लावतात हें टिपावें. रसेलनें तेलुगु प्रांतांत जें केलें तें मराठी मुलखांत अद्याप पुरें झालेलें नाहीं. तिसरी, नेपाळांत जपलेल्या क्रियाकालगुणोत्तर या शैव गारुडतंत्राचा अभ्यास जसा ऐतिहासिक दृष्टीनें झाला, तसा आपल्याकडील बाडांचा व्हावा. भक्तीनें नको व उपहासानेंहि नको. चौथी व सर्वांत महत्त्वाची : असा मजकूर छापतांना तो उपचार म्हणून वापरूं नये, दंश झालेला अवयव हलवूं नये, कापूं अगर घट्ट आवळूं नये, व रोग्यास धीर देऊन तत्काळ दवाखान्यांत न्यावें, हें त्याच पृष्ठावर ठळक छापावें. सुश्रुतानें सांगितलेलें बंधन व छेदन आजच्या अनुभवास उतरत नाहीं. चरकानें सांगितलेलें सांत्वन मात्र आजचे वैद्यहि प्रथम सांगतात.

जुन्या कागदांत सापाचें भय आहे, तसेंच सापाचें ज्ञानहि आहे. निर्विष हा वर्ग सुश्रुतानें मांडला आणि शंकाविष हा शब्द चरकानें घडविला, तेव्हांच या शिक्षणाचा ओनामा झाला होता. मधल्या काळांत मंत्र तेवढा जपला गेला व वर्गीकरण पोथींत राहिलें. तें पोथींतून बाहेर काढून आजच्या निश्चित ज्ञानाशेजारीं ठेवणें, हें काम सर्पोद्यानांचें जितकें आहे तितकेंच हस्तलिखितें सांभाळणाऱ्यांचेंहि आहे.